गडग्याबाहेरची वाट

२१ जून

शिवांगीच्या हाताला आज प्लास्टर घातलं. काल शाळेतून सायकलवर येताना आमच्या घरासमोरच्या वळणावर मागून आलेल्या गाडीचा आरसा तिला लागला आणि ती गटारात पडली. गाडी थांबली नाही. आमची गौरजा मागून चालत येत होती, तिनेच तिला वर ओढलं. दोघी नववीत, एका बाकावर बसणाऱ्या.

जेवताना गौरजा म्हणाली, "आई, गाडीतल्या बाईने मागे वळून बघितलं होतं." एवढंच. मग पान तसंच टाकून उठली.

तिच्या बाबांनी, सर्वेशने, लगेच ठरवून टाकलं. "उद्यापासून मी तिका स्कूटरवर सोडतंय. चलत जावचा नाय."

गेल्या वर्षी वाडीतला रस्ता रुंद आणि गुळगुळीत झाला तेव्हा आम्हीच नारळ फोडला होता. रस्ता झाला म्हणून आचऱ्याला, तिथून वर विजयदुर्गला जाणारे पर्यटक आमच्या दोन खोल्यांच्या होमस्टेत उतरायला लागले, आणि सर्वेशने आणखी चार खोल्यांची स्वप्नं बघायला सुरुवात केली. त्याच रस्त्याच्या कडेने आमच्या मांडवखोलची पोरं अर्धा तास चालत हायस्कूलला जातात, हे नारळ फोडताना कुणाच्या मनात आलं नाही. माझ्याही नाही.

२४ जून

शाळेच्या फाटकाशी आज स्कूटर आणि रिक्षांची इतकी दाटी की पोरांना आत शिरायला वाट नाही. ज्याला त्याला आपलं पोर वाचवायचंय, म्हणून जो तो दुसऱ्याच्या पोराच्या अंगावर गाडी घालतोय.

हे मी हवाबी चाचीला सांगितलं. आमच्या समोरच्या घरात राहतात. साठी उलटली आहे. नवरा, गुलामचाचा, जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगा अरशद बाजारात सायकली आणि मोटरसायकली दुरुस्त करतो. गुडघे धरतात म्हणून चाची रोज सकाळी मासळी आणायला मुद्दाम चालत जातात.

त्या म्हणाल्या, "एकटा पोर गाडयेवाल्याक दिसणा नाय. सगळी एकदम चलली तर दिसतली मां? आणि नाय दिसली तर मी बोंब मारतलंय."

त्या सहज बोलल्या. माझ्या डोक्यातून ते जात नाहीये.

२९ जून

हवाबी चाचीच्या खळ्यात, घरापुढच्या अंगणात, बैठक झाली. मला वाटलं चारपाच जणी येतील, पण खळं भरलं. सरपंच गंगाराम नाही आले, निरोप आला की मिटिंग आहे. मी उभी राहून बोलले. लग्नानंतर इतक्या माणसांसमोर पहिल्यांदाच. सांगितलं की सगळ्या पोरांनी एकत्र निघायचं, पुढे एक मोठं माणूस, मागे एक. चालणाऱ्यांनी उजव्या कडेने, म्हणजे समोरून येणारी गाडी आपल्याला दिसते आणि आपण तिला.

यावरच अर्धा तास वाद. "शाळेत डाव्या बाजूने चला म्हणान शिकवलेला ता काय खोटा?" शिवांगीचे बाबा, लवू, तर म्हणाले, "म्हंजे पोरांका ढोरांसारखी हाकवन न्हेवची?"

चाची बसल्या जागेवरून म्हणाल्या, "ढोरांसाठी गाडयेवाले थांबतत. पोरांसाठी थांबणत नाय."

सगळे हसले. पण मग कुणी वाद घातला नाही.

७ जुलै

पहिला दिवस. पाऊस होता. हवाबी चाचीने होडीवरच्या जुन्या पिवळ्या ताडपत्रीची बिनबाह्यांची जाकिटं शिवली आहेत, रेनकोटवरून घालायची. पोरं खुदूखुदू हसत होती. पुढे मी, मागे चाची हातात छत्री उंच धरून.

गाड्या हळू झाल्या! मला खोटं वाटेल म्हणून लिहून ठेवते. वळणावर एक मोठी पांढरी गाडी थांबली, आम्ही सगळे जाईपर्यंत थांबली, आणि ड्रायव्हरने हात केला. गौरजा सगळ्यात पुढे, माझ्या बाजूला चालत होती. शाळेच्या फाटकाशी ती म्हणाली, "आई, तू किती जोरात चालतेस!" माझं कौतुक करत होती पोर.

२० जुलै

रांग लांब होत चालली आहे. आता वरच्या वाडीची पोरंही येऊन मिळतात.

दुसरं काम अरशदने काढलं. घरोघरच्या मांगरात, अडगळीच्या खोपटात, गंजत पडलेल्या सायकली तो उचलून आणतो, रविवारी आईच्या खळ्यात बसून दुरुस्त करतो. ज्याला हवी त्याने न्यावी, उंची वाढली की परत आणून मोठी न्यावी. संध्याकाळी त्याच खळ्यात पोरींना शिकवतो: वळताना हात कसा दाखवायचा, मान मागे वळवताना हँडल कसं धरायचं. आज चार आयाही शिकल्या. मीसुद्धा बसले. चाचींच्या तुळतुळीत सारवलेल्या खळ्यात गोल गोल फिरले आणि शेवटी फणसाला धडकले. चाची पोट धरून हसल्या. मी किती दिवसांनी अशी हसले कोण जाणे.

सर्वेश बघत होता आमच्या गडग्यापलीकडून, कुंपणाच्या दगडी भिंतीआडून. म्हणाला, "म्हातारपणी काय ह्या?" पण रागाने नाही.

३ ऑगस्ट

ग्रामपंचायतीला अर्ज लिहिला. दोनच गोष्टी मागितल्या. आमच्या वळणाच्या अलीकडे आणि पलीकडे गतिरोधक. आणि रस्त्याच्या कडेची साइडपट्टी साफ करून पोरांना चालण्यापुरती वाट. एक प्रत तालुक्याला पाठवणार होते. सर्वेश म्हणाला, "वर कागद धाडू नको. पंचायतीत माझा उठणा-बसणा आसा. मी गंगारामाक सांगतंय. गावची गजाल गावात रवांदे."

पटलं मला. घरातच माणूस असताना लांब कशाला जायचं? अर्ज त्याच्याकडेच दिला.

२१ ऑगस्ट

गतिरोधकाचं अजून काही नाही. सर्वेश म्हणतो चतुर्थी होऊ दे. खरंच, चाकरमानी येतील, गावात कुणाला वेळ नाही. गणपतीत रस्त्यावर गाड्यांची रीघ लागेल. पोरांना सुट्टी आहे, तेवढं बरं.

९ सप्टेंबर

आज रांग घेऊन परत आले तर ओट्यावर चहाच्या कपांचे ट्रे आणि तळलेल्या बांगड्याचा वास. सर्वेश म्हणाला, रस्त्याची मोजणी करणारी माणसं आली होती, येऊन गेली. मला वाईट वाटलं. मी असते तर कुठे वाट हवी ते दाखवलं असतं. "मी दाखवलंय सगळा," तो म्हणाला. त्याने स्वतः बांगडे तळून खायला घातले म्हणे. माझ्या कामासाठी इतकं केलं. मी उगाच त्याला बोलते कधीकधी.

२६ सप्टेंबर

गतिरोधक झाले! पण वळणावर नाहीत. पार पुढे, जिथे दोन्हीकडे कातळाचा उघडा सडा आहे आणि एकही घर नाही. सर्वेश म्हणतो, वळणावर घालता येत नाही, इंजिनिअरचा नियम आहे, गाडी घसरते. आणि वळणावर गाडीने दचका खाल्ला की पाहुणे म्हणतात रस्ता खराब. असेल. मला त्यातलं काय कळतं?

चिऱ्याचे ट्रक सुरू झाले आहेत, नवीन खोल्यांसाठी. दगड साइडपट्टीवरच उतरवले. "आठ दिवस फक्त." तेवढ्या तुकड्यात पोरांना डांबरावरून न्यावं लागतं. मी तिथे हात आडवे पसरून उभी राहते.

१४ ऑक्टोबर

चिरे अजून तिथेच. मी आठवण केली तर सर्वेश चिडला. "पोरांच्या चार पावलांसाठी माझा काम थांबवू?" मग संध्याकाळी स्वतःच बाजारातून माझ्या आवडीचा मालवणी खाजा घेऊन आला. कामाचा ताण आहे त्याला. नाताळच्या आत खोल्या उभ्या राहायला हव्यात.

१० नोव्हेंबर

दिवाळीची सुट्टी संपली, रांग पुन्हा सुरू झाली. सुट्टीत मी आठ दिवस माहेरी कुडाळला होते. आले तर पुढचा गडगा बांधून तयार. छान झालाय, चिऱ्याचा, वरून बोगनवेल सोडणार आहे. आत पाहुण्यांच्या दोन गाड्या राहतील इतकी जागा निघाली. चिऱ्याचे ढीग गेले हे एक बरं झालं. आता गडग्याच्या लांबीपुरतं पोरांना एकामागे एक, गडगा धरून न्यावं लागतं.

चाची म्हणाल्या, "कावेरी, गडगो भायर इलोसो वाटता माका."

"नाय गो चाची. रस्तो रुंद झालो म्हणान तसो दिसता."

म्हाताऱ्या माणसाला अंतराचा अंदाज चुकतो.

१८ नोव्हेंबर

गौरजाचं काही कळत नाही. आठ दिवस झाले, बापाशी बोलत नाही. त्याच्या स्कूटरवर बसत नाही. आणि रांगेत माझ्याबरोबर पुढेही चालत नाही, शेवटी चाचींचा हात धरून चालते. शाळेतून आली की समोर चाचींच्या घरी जाऊन बसते. आज मी विचारलं तर म्हणाली, "बाबांना विचार." बाबांना विचारलं तर म्हणाले, "सहामाहीक गुण कमी पडले म्हणान बोललंय तिका." तरीच. नववीचं वर्ष, वय असं. मी दोघांच्या मध्ये पडायचं नाही असं ठरवलंय.

२७ नोव्हेंबर

पर्यटकांचा हंगाम सुरू झाला. आज गडग्यापाशी एका गाडीने इतक्या जवळून हॉर्न दिला की वरच्या वाडीची छोटी मुलगी रडायलाच लागली. तिची आई उद्यापासून पाठवणार नाही म्हणाली. मी समजावलं. चाची म्हणाल्या, "हय मी रवतंय उभी. पोरां जाईसर." त्या आता रोज गडग्याच्या टोकाला रस्त्यात उभ्या राहतात, छत्री आडवी धरून.

४ डिसेंबर

चाचींना गाडी लागली.

गडग्यापाशी. पोरं गडग्याच्या निम्म्यात आली होती. गाडी वळणावरून आली. चाचींनी छत्री फेकली आणि शेवटच्या दोन पोरांना गडग्यावर दाबलं, आणि त्यांना स्वतःला उभं राहायला जागाच नव्हती.

मला पुढचं लिहवत नाही.

५ डिसेंबर

गोव्याला मोठ्या हॉस्पिटलात नेलं आहे. सर्वेशनेच काल गाडी काढली, मागच्या सीटवर त्यांचं डोकं मांडीवर घेऊन अरशद बसला. सर्वेश अजून तिथेच आहे. रक्तही त्यानेच दिलं. फोनवर बोलला तर आवाज ओळखू येईना.

ड्रायव्हर पंचविशीचा मुलगा. काल आमच्या ओट्यावर बसून रडत होता. "त्या रस्त्यावर होत्या हो, मी काय करू? त्या रस्त्यावरच उभ्या होत्या."

८ डिसेंबर

सर्वेश आला. अंघोळ केली, पानावर बसला, घास नाही घेतला. उठून बाहेर गडग्यापाशी जाऊन उभा राहिला. मी हाक मारली तर ऐकू गेली नाही. किती मनाला लावून घेतलंय त्याने. समोरच्या घराशी इतक्या वर्षांचा शेजार. अशा वेळी माणूस कळतो.

११ डिसेंबर

हवाबी चाची गेल्या.

१२ डिसेंबर

दफन झालं. बायका घरीच थांबल्या. त्यांच्या खळ्यात सायकली ओळीने उभ्या, कुणी हात लावत नव्हतं. शिवांगी एका सायकलचा दांडा धरून नुसती उभी होती.

अरशद परतला तेव्हा मी त्याला म्हटलं, काहीतरी खा. तो म्हणाला, "वैनी, अम्मी रस्त्यार कित्याक उभी होती, असा सगळे इचारतत माका. मी काय सांगू? तुमीच सांगा."

मी म्हटलं, "पोरांसाठी."

त्याने माझ्याकडे बघितलं. मग म्हणाला, "बरा," आणि आत गेला. दुःखात आहे बिचारा. त्याच्या त्या बघण्याचा मला त्रास होतोय, का ते कळत नाही.

१४ डिसेंबर

आज कळलं.

दुपारी गौरजा कपडे घडी करत होती. मी म्हटलं, चाचींच्या नावाने आपण वळणावर काहीतरी करूया. एखादं बाक, सावली. गौरजाच्या हातातला टॉवेल खाली पडला. म्हणाली, "कुठे करणार? जागा कुठे आहे?"

"साइडपट्टीवर."

"साइडपट्टी गडग्याच्या आत आहे, आई. बाबांच्या पाहुण्यांच्या गाड्या उभ्या राहतात ती साइडपट्टी आहे. तू आजीकडे गेलीस तेव्हा बाबांनी पाया पुढे घेतला. मी तिथे उभी होते. मी म्हटलं आईला सांगते, तर म्हणाले तिचं काम चाललंय त्यात तिला कशाला दुखवायचं. चाचींना माहीत होतं. अरशददादाला माहीत आहे. सगळ्या वाडीला माहीत आहे. फक्त तुलाच—" आणि ती रडायला लागली. मला रडू आलं नाही. मी बाहेर जाऊन गडग्याला हात लावला. चार तारखेपर्यंत मी पोरांना रोज सांगत होते, गडगा धरून चला.

१५ डिसेंबर

सर्वेशला विचारलं. त्याने नाकारलं नाही. बाजेवर बसला होता, तळवे बघत.

"हात-दोन हात सगळ्यांनी घेतल्यानी," तो म्हणाला. "मी एकट्यानं घेतलंय काय? माझो गडगो वळणावर पडलो, ह्या माझा नशीब."

"आणि मोजणीवाले?"

"गाव तसा चलता."

"आणि गतिरोधक?"

तो एकदम म्हणाला, "माका वाटला असता असा होतला, तर मी... कावेरी, तुका काय वाटता, माका झोप येता?"

मला माहीत आहे त्याला झोप येत नाही. बाजूला मीच असते. तेच तर सगळ्यात वाईट. तो वाईट माणूस असता तर मी पोरीला घेऊन कुडाळला गेले असते. मी म्हटलं, गडगा पाडा. उद्या. तो म्हणाला, नाताळचे पाहुणे येऊन जाऊ देत. हंगाम संपला की पाडू.

"हंगाम संपल्यावर पाऊस," मी म्हटलं. "पावसानंतर चतुर्थी. मग पुन्हा हंगाम."

तो उठून गेला.

१७ डिसेंबर

तालुक्याच्या कचेरीत गेले. साहेब सभ्य होते. खुर्ची दिली. म्हणाले, "ताई, आमच्या मोजणीत तुमच्या वळणावर कुठलंही अतिक्रमण दिसत नाही. कागदावर साइडपट्टी पूर्ण रुंदीची आहे."

मी म्हटलं, "कागदावर आहे. चालायला नाही."

"तक्रार द्या लेखी. कुणाच्या नावाने आहे गडगा?"

मी सर्वेशचं नाव सांगितलं, मग माझं आडनाव. त्यांनी पेन खाली ठेवलं. "घरचा प्रश्न आहे तर घरी मिटवा ना." शिपायाला सांगून त्यांनी माझ्यासाठी पाणी मागवलं. मी तक्रार लिहून दिली. त्यांनी शिक्काही मारला. बाहेर आल्यावर मला उगाच वाटलं, चाचींना जाऊन सांगावं.

२१ डिसेंबर

आज पहार घेऊन गडग्यापाशी गेले. कुणाशी बोलून नाही. वरचे चिरे पक्के बसले नव्हते, दोन निघाले. तिसरा निघेना. नव्या खोलीतले पाहुणे, एक जोडपं, गॅलरीत येऊन मोबाइलवर शूटिंग करत होते. त्यांना वाटलं गावातलं काही काम चाललंय. बाईने विचारलं, "काकू, हे दगड इथलेच का?"

मग माणसं जमली. लवू आले, गंगाराम आले. मला वाटलं कुणीतरी एक पहार उचलेल. चाचींनी ज्या दोघांना वाचवलं त्यातल्या एकाचा बाप तिथे उभा होता.

गंगाराम हळू आवाजात म्हणाले, "वैनी, तुमचो गडगो पाडलात तर उद्या माझो पाडूक व्हयो. परवा लवूचो. अख्ख्या वाडीत कोणाचो गडगो जाग्यार आसा? तुमी जुना उकरून काढू नकात."

मी लवूंकडे बघितलं. त्यांच्या मुलीचा हात अजून पूर्ण सरळ होत नाही. ते खाली बघत होते.

सर्वेशने माझ्या हातातून पहार घेतली. ओढली नाही, नुसती घेतली, जशी लहान पोराच्या हातातून कात्री घ्यावी. "पाहुणे बघतत," म्हणाला.

२३ डिसेंबर

गवंडी येऊन दोन्ही चिरे पुन्हा बसवून गेला. या वेळी सिमेंट जास्त घातलं.

५ जानेवारी

नाताळचे दिवस पाहुण्यांच्या जेवणात गेले. सहाही खोल्या भरलेल्या. मी सोलकढी केली, मोरी मासा केला, घावणे घातले. काय करणार? लोक हसून "किती छान चव" म्हणतात तेव्हा मीही हसते. हात आपोआप चालतात.

शाळेतून सूचना आली. पोरांनी पायी किंवा सायकलने येऊ नये, पालकांनी वाहनाची सोय करावी. सुरक्षेसाठी. मुख्याध्यापक भले आहेत, स्वतः फोन करून म्हणाले, "कावेरीताई, तुमच्यामुळेच आम्हाला या प्रश्नाची जाणीव झाली."

९ जानेवारी

शिवांगीची आई भेटली पाणंदीत. मी पुन्हा रांग सुरू करण्याचं बोलले. रस्त्याने नाही तर आतल्या पाणंदीने, बागांमधून. ती इकडे तिकडे बघत म्हणाली, "वैनी, पाणंद खंय रवली? लोकांनी कुंपणा घातल्यानी. आणि आता कोणाक बोलवू नको तू. लोकांका वाटता तू गावाचा वायट करतंस." मग माझा हात दाबून म्हणाली, "रागावू नको हां."

नाही रागावले. पण पाणंदीच्या टोकाला जाऊन बघितलं. तार होती. नवी.

१६ जानेवारी

अरशद सायकली परत करत फिरतोय. ज्याची त्याला. मी म्हटलं, ठेव ना खळ्यात, पोरी शिकतील तरी. त्याने मान हलवली.

"शिकान जातली खंय, वैनी?"

घर बंद करून तो बाजारात दुकानाच्या वरच राहायला जाणार आहे. माझ्यावर राग नाही म्हणाला. मी विचारलं नव्हतं.

२० जानेवारी

गौरजा आता व्हॅनने जाते. वाडीतल्या ओमकारने सेकंडहँड व्हॅन घेतली आहे, सगळी पोरं तीतच. बापाशी थोडं बोलायला लागली आहे, कामापुरतं. माझ्याशीही कामापुरतंच. मला वाटत होतं सत्य सांगितल्यावर तिच्या मनावरचं ओझं उतरेल. तिला वाटत होतं सत्य कळल्यावर आई काहीतरी करेल. दोघींचाही अंदाज चुकला.

तालुक्याहून उत्तर आलं. तक्रारीची स्थळपाहणी झाली, तक्रारीत तथ्य आढळले नाही. स्थळपाहणी कधी झाली ते मला माहीत नाही. विचारायला गेले नाही. ओट्यावर एखाद्या दिवशी जास्तीचे कप दिसले होते का, ते आठवत बसले, आणि मग तेही सोडून दिलं.

२९ जानेवारी

गेले काही दिवस मी सकाळी शाळेच्या वेळेला एकटी चालत जाते. पिवळं जाकीट घालून, उजव्या कडेने, फाटकापर्यंत आणि परत. कशासाठी, ते सांगता येत नाही. सर्वेश विचारत नाही. गाड्या हॉर्न देतात. एकट्या बाईसाठी कुणी हळू होत नाही, चाची म्हणायच्या ते खरं.

आज गडगा संपल्यावर मागून व्हॅन आली आणि थांबली. ओमकारने डोकं बाहेर काढलं. "वैनी, बसा. हंयसून चलू नकात. माका भिया वाटता तुमका बघून."

मी म्हटलं, नको. तो थांबूनच राहिला. मागे गाड्या साचल्या, हॉर्न सुरू झाले. आतून कुणीतरी दार सरकवलं. पोरं सरकून बसली, मला जागा झाली. शिवांगीने दप्तर मांडीवर घेतलं. गौरजा खिडकीशी होती, तिने बाहेरच बघत ठेवलं.

मी बसले.

खरं सांगायचं तर बरं वाटलं. काच वर होती, आवाज नव्हता, रस्ता गुळगुळीत. बाजूने एक म्हातारा डोक्यावर चुडतांचा, माडाच्या झावळ्यांचा, भारा घेऊन चालला होता. व्हॅन जवळ आली तसा तो भाऱ्यासकट गटारात उतरला. ओमकारने हॉर्नही दिला नव्हता. पोरांपैकी कुणी बघितलं नाही. मी बघितलं, पण तोवर तो मागे गेला होता.

पाय दुखायला लागण्याच्या आत शाळा आली. पोरं उतरली, गौरजाही उतरली, फाटकातून आत गेली. रिकाम्या व्हॅनमध्ये मी एकटी.

ओमकारने आरशातून बघितलं. "वैनी, तुमका खंय सोडू?"

मला कुठे जायचंच नव्हतं. तो वाट बघत राहिला.